सिस्टीम बदलायची की बाबांना उठवायचं

मला राग आला की मी हिंदीत बोलते. आई-बाबा दोघंही भंडाऱ्याकडचे, घरात बोलणं मराठी, पण माझा जन्म रायपूरचा, शाळा हिंदी, आणि भांडायला मी शाळेतच शिकले. बाबांना मी आयुष्यात जी काही जिव्हारी लागणारी वाक्यं बोलले, ती सगळी हिंदीतली आहेत. लिहिताना ती मराठीत आणावीत असा मोह होतो, कारण मराठीत ती जरा मऊ पडतात. पण जे तोंडातून गेलं ते गेलं, आता त्याला पॉलिश कशाला करायचं.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ हा आपला पाटीवरचा शब्द. प्रत्यक्षात घराची पुढची खोली. एका भिंतीला निळा पडदा, त्याच्यासमोर स्टूल, छत्री लावलेले दोन दिवे, आणि उरलेल्या कोपऱ्यात कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर. रस्त्याच्या बाजूला काउंटर आणि बाहेर ओट्यावर गिऱ्हाइकांसाठी एक बाक. बाबा तरुणपणी दुसऱ्याच्या स्टुडिओत टचिंग करायचे. निगेटिव्हखाली दिवा लावायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालचा काळेपणा भरून काढायचा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. बाबा तीस वर्षं माणसांचे चेहरे असे उलटे बघत आले होते. आईचं म्हणणं होतं की म्हणूनच त्यांना कोणाच्या चेहऱ्यावरचा राग कधी कळला नाही.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि शहरात जो तो फॉर्म भरायला लागला. प्रत्येक फॉर्मला फोटो. फिल्म हळूहळू मिळेनाशी झाली, कॉम्प्युटर घ्यावाच लागला. तेव्हा बाबांनी पंचावन्नी ओलांडलेली. सगळ्यांना वाटलं की आता हे दुकान बंद करतील. बाबांनी चार महिने एका ओळखीच्याकडे जाऊन, स्टुलावर बसून, नुसतं पाहिलं. मग घरी येऊन आपल्या मशीनपुढे बसले.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं ओळखायचे, शब्द नाही. म्हणून त्यांनी शब्द सोडून दिले आणि जागा पाठ केल्या. वरच्या पट्टीत डावीकडून सहावं, खाली चौथं, तिथून आडवी पट्टी उघडते तिच्यात दुसरं. ओठांतल्या ओठांत मोजत काम चालायचं. एक, दोन, तीन, चार, हं. गाल मऊ करायचा तर एक मोजणी, जुन्या फोटोचा पिवळेपणा घालवायचा तर दुसरी. कितीतरी मोजण्या त्यांच्या डोक्यात होत्या आणि एकही कुठे लिहून ठेवलेली नव्हती. मी नंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला, मला प्रत्येक बटणाचं नाव यायचं, पण बाबांसारखा गाल मला कधी जमला नाही. मी केलेला चेहरा गुळगुळीत व्हायचा. त्यांनी केलेला चेहरा त्या माणसाचाच राहायचा.

आमचं नाव होतं ते गेलेल्या माणसांच्या फोटोंसाठी. आमच्या लोकांत जिवंतपणी एकट्याचा मोठा फोटो कोणी काढून ठेवत नाही. म्हाताऱ्याला स्टुडिओत आणलं तर तो म्हणणार, "काहून, माह्या हाराची तयारी करून राहिले का?" त्यामुळे माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचे लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि मागच्या रांगेतल्या एका डोक्यावर बोट ठेवायचे. नखाएवढा चेहरा. बाबा तो कापून घ्यायचे, मोठा करायचे, नाक नव्याने उभं करायचे, आणि खाली कोट चढवायचे. प्रत्येक स्टुडिओत असा कोटांचा एक फोल्डर असतो, डोकं नसलेले कोट, टायसकट. सिलतऱ्याच्या कारखान्यांत लोखंडाच्या भट्ट्यांवर जन्म काढलेली माणसं मेल्यावर कोट घालून भिंतीवर जायची. मला सुरुवातीला हसू यायचं.

"हासू नको," बाबा म्हणायचे. "घरच्यायनं मांगतला हाये. तुह्या बापाचं काय जाते?"

कोर्स संपला, नोकरी काही लागेना, तेव्हा मी दुकानात बसायला लागले. मी काउंटरवर, बाबा मशीनवर. आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की मशीन आजारी आहे. दिवसभर लोकांच्या फोनमधली कार्डं आणि पेनड्राइव्ह त्यात जायचे, आणि प्रत्येकातून काही ना काही व्हायरस यायचा. सुरू व्हायला चहा पिऊन होईल इतका वेळ. विंडोजची कॉपी चोरीची, फोटोच्या सॉफ्टवेअरची कॉपी चोरीची, साऱ्या गल्लीत तीच परिस्थिती. त्यातच कुठल्याशा बाजारात तपासणी होऊन मशीनं उचलून नेली अशी बातमी यायची, आणि शेजारचे दोन दिवस शटर अर्ध्यावर ठेवायचे.

कोर्समधल्या एका मैत्रिणीने मला लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायच्या दुसऱ्या सिस्टीमची, सीडी दिली. फुकट, कायदेशीर, आणि असले व्हायरस त्यात चालत नाहीत. शिवाय ती सीडी लावून मशीन सुरू केलं की आतलं काहीही न बदलता नुसतं चालवून बघता येतं. एका रविवारी मी तसं बाबांना दाखवलं. फोटोचा प्रोग्रामही त्यात होता, पण तो पडद्यावर तीन तुकड्यांत उघडायचा. अवजारं एकीकडे, फोटो मधे, बाकीचं तिसरीकडे. बाबांनी माउस हातात घेतला, वरच्या पट्टीत सहावं मोजलं, आणि तिथे भलतंच काही निघालं.

"हे कोनाचं घर हाये?" ते म्हणाले.

मी म्हटलं, सवय होईल. त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मी सीडी काउंटरच्या खणात टाकून दिली.

पुढचे सहा-सात महिने तो विषय घरात तसाच घोळत राहिला. बदलावं म्हटलं तर अडचणी होत्या. आमचा जुना स्कॅनर त्यात चालेल की नाही याची खात्री नव्हती. लग्नाच्या अल्बमची जी तयार पानं आम्ही वापरायचो ती त्यात वेडीवाकडी उघडायची. प्रिंटमध्ये गोरा माणूस लालसर निघायचा. आणि न बदलावं म्हटलं तर व्हायरस होतेच. मी जेवताना हे सगळं आईला ऐकवायचे आणि आई ताटावरून मान वर न करता म्हणायची, "त्या स्कॅनरचं मले नोको सांगू. तुह्या बाबाचं काय, ते सांग."

तिचं बरोबर होतं. स्कॅनरवर तोड निघाली असती. बाबांच्या मोजण्यांवर नव्हती. सिस्टीम बदलली की त्या साऱ्या एका दिवसात बाद होणार होत्या, आणि साठीच्या आसपासचा माणूस पुन्हा चार महिने स्टुलावर बसून नुसतं बघणार नव्हता. सिस्टीम बदलायची की नाही हा प्रश्न खरं तर बाबांना त्या खुर्चीतून उठवायचं की नाही, एवढाच होता. आणि ती खुर्ची गेली की बाबांकडे काय उरतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी तेव्हा गप्प बसले. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर जे केलं ते मी अजाणतेपणी केलं असं कोणी समजू नये.

एका दुपारी गुढ़ियारी वस्तीतली एक बाई आली. आमच्याचकडची, नवऱ्याच्या कामासाठी इकडे आलेली. वय माझ्याएवढंच असेल, म्हणजे पंचविशीच्या आत. नवरा सिलतऱ्याला ठेकेदाराकडे कामाला होता. भट्टीजवळ वरून काहीतरी अंगावर पडलं, इतकंच तिला सांगितलेलं, आणि इतकंच तिने आम्हाला सांगितलं. लग्न नोंदणी पद्धतीने झालेलं, फोटो काढलेच नव्हते. फोटो लावलेला गेटपास ठेकेदाराने परत घेतला. फोन खिशातच फुटला. त्यातलं कार्ड तेवढं वाचलं होतं, ते तिने रुमालाच्या गाठीत बांधून आणलं होतं.

बाबांनी कार्ड लावलं. त्यात एका फोल्डरमध्ये पाच-सहा फोटो, बहुतेक हललेले. एक मात्र स्वच्छ होता. कोणाच्या तरी मोटारसायकलला टेकून उभा, उन्हाने डोळे बारीक केलेले, निळा शर्ट. हसत होता.

"हाच घ्या काका," ती म्हणाली. "आन् कोट नोका लावू. त्यायनं कधी घातलाच नाही. हा शर्टच राहू द्या."

"नाई लावत," बाबा म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं होतं. चेहरा मोठा, उजेड एका बाजूने, असं काम महिनोन्‌महिने मिळत नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी होता, त्यांनी शुक्रवारी या म्हणून सांगितलं. ती गेली आणि लाईट गेली. कार्डातला फोटो आधी मशीनमध्ये उतरवून घ्यायचा हा आमचा नियम, पण तो राहिला. बाबांनी कार्ड काढून पाकिटात घातलं, पाकिटावर तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटरवर एकाचे पासपोर्ट फोटो कापत होते. बाबांनी हाक मारली. "पाह्य बरं जरा. दिसून नाही राहिला."

मी जाऊन पाहिलं. कार्ड रिकामं. फोल्डर नाही, काही नाही.

"क्या दबाया आपने?" मी विचारलं.

"काही नाही दाबलं."

"कुछ तो दबाया होगा! अपने आप उड़ गया क्या?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मशीन मधेच इंग्रजीत काहीबाही विचारायचं आणि ते सवयीने डावीकडचं बटण दाबून मोकळे व्हायचे, हे त्यांनाही माहीत होतं. "दाबलं असन बा," ते म्हणाले. "मले समजलं नसन."

एवढंच मला पुरेसं होतं. मी त्यांना उठवलं आणि स्वतः बसले. मी कोर्स केलेली. मी कार्ड काढलं, घातलं, पुन्हा काढलं. कार्डात जागा किती भरली आहे ते एका क्लिकवर दिसतं, ते मी पाहिलं नाही. रिकामं म्हणजे रिकामं. व्हायरसने खराब झालं असेल, स्वच्छ करून मग गेलेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर चालवू, असं ठरवून मी कार्ड फॉरमॅट केलं. मग ते सॉफ्टवेअर चालवायच्या आधी कार्ड धड आहे का ते बघायला हवं, म्हणून मी त्यात मशीनमधली गाणी भरली. भरतील तितकी भरली. सगळी गेली, सगळी वाजली. कार्ड एकदम ठणठणीत. त्यानंतर सॉफ्टवेअर चालवलं तर जुन्या फोटोंच्या जागी त्याला माझीच गाणी सापडली.

शुक्रवारी ती आली. बाबा काउंटरच्या आत उभे होते, त्यांनी हात जोडले. मग मीच बोलले. गिऱ्हाइकाशी मी एरवी मराठी माणूस दिसला की मराठी बोलायचे. त्या दिवशी हिंदीत बोलले. "वो पापा से डिलीट हो गया. उनको ठीक से समझता नहीं ना."

"पापा" हा शब्दही आमच्या घरातला नव्हता.

ती रडेल, ओरडेल, चार लोक गोळा करेल, याची मी तयारी केली होती. तिने फक्त विचारलं, "म्हंजे आता तो कुठीच नाही?"

बाबा तिच्याकडून नवऱ्याचं मतदार कार्ड मागून घेऊन दोन दिवस त्याच्यावर बसले. त्यावरचा फोटो म्हणजे काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके. त्यांनी त्यातून कपाळ काढलं, भुवया काढल्या, आठवून आठवून ते हसणं काढायचा प्रयत्न केला. रविवारी सकाळी ती येऊन फोटो बघून म्हणाली, "चांगला हाये काका." आणि थांबून म्हणाली, "पन हे ते नाहीत." तरी घेऊन गेली. कार्यक्रमाला काहीतरी ठेवायलाच हवं होतं.

त्याच संध्याकाळी मी खणातून सीडी काढली. आईने विचारलं, "आज काहून?" मी म्हटलं, व्हायरसचा कायमचा बंदोबस्त करते. हे कारण चांगलं होतं, कोणीही मान्य केलं असतं. इन्स्टॉल करताना मधे एक प्रश्न येतो. जुनी सिस्टीम शेजारी तशीच ठेवायची, की ती पुसून सगळी डिस्क वापरायची? शेजारी ठेवली असती तर रोज सकाळी मशीनने विचारलं असतं, कोणती हवी, आणि बाबांना आपलं घर उघडता आलं असतं. मला हे माहीत होतं. मी सगळी डिस्क निवडली. बाबा दारात उभे होते. त्यांना तो प्रश्न वाचता आला नाही आणि मी वाचून दाखवला नाही.

मी त्यांच्यासाठी मेनू हिंदीत करून दिला, म्हटलं, आता तर वाचता येईल. आठवडाभर ते प्रामाणिकपणे बसले. वाचनमालेतला धडा वाचावा तसं एक एक शब्द मोठ्याने वाचायचे. चयन. रूपांतरण. पारदर्शिता. "हे काय असते?" म्हणून मला विचारायचे, मी सांगायचे, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचे. तिसऱ्यांदा विचारलं की माझी हिंदी सुरू व्हायची. आठवड्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. मग बसणंही. मी त्यांना काउंटरवर पासपोर्ट फोटो कापायला दिले. काही दिवसांनी तेही मीच करायला लागले, कारण त्यांचा हात वाकडा जायचा. ज्या हाताने पेन्सिलीच्या टोकाने पापण्या भरल्या त्या हाताला सरळ रेघ कापता येत नाही, याचं मला तेव्हा आश्चर्यही वाटलं नाही. म्हातारपण, म्हटलं.

ते ओट्यावरच्या बाकावर बसून राहायचे. आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. म्हणजे कोणी नुसतं म्हणालं, "बाबूजी, आजकल आप नहीं बैठते?" की सुरू. "माह्या हातून एका पोट्टीच्या नवऱ्याचा फोटो पुसला. एकच होता." मला लाज वाटायची. मी आईला सांगायचे, त्यांना आवर, धंद्यावर परिणाम होतो. आई मला म्हणाली, "तू आवर. तूच दिली ना त्यायच्या तोंडात ते गोष्ट." गल्लीत ठरून गेलं की बाबूजींना आता दिसत नाही, काम दीदी बघते. लोक दारातूनच विचारायचे, "दीदी हैं न?" धंद्यावर परिणाम झालाच नाही. उलट धंदा वाढला.

पावसाळा गेला, थंडी आली. शाळेतल्या एक बाई आपल्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो घेऊन आल्या. पेनड्राइव्ह दोन दुकानांत लावून झाला होता, दोन्हीकडे रिकामा दाखवत होता. "देखो तुमसे कुछ होता है क्या," म्हणाल्या. मी लावला. माझ्या पडद्यावर फोल्डर उघडला आणि सगळे फोटो समोर. एकूण एक. मला वाटलं पेनड्राइव्ह बदलला. बाई टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. मी काय जादू केली म्हणून विचारत होत्या आणि मी नुसते फोटो पुढे पुढे सरकवत होते.

त्या गेल्यावर मी शोधलं, वाचलं, मैत्रिणीला फोन केला. तेव्हा आमच्या भागात फिरणारा तो एक व्हायरस होता. तो मशीनमधून कार्डात शिरतो, पण फोटो पुसत नाही. लपवतो. विंडोजमध्ये फोल्डर दिसेनासा होतो, कार्ड रिकामं वाटतं, पण आत सगळं जिथल्या तिथे असतं. लिनक्स ते लपवणं मानतच नाही, सरळ दाखवतं. म्हणजे बाबांनी खरंच काही दाबलं नव्हतं. त्या सकाळी निळा शर्ट कार्डातच होता. मी फॉरमॅट करेपर्यंत होता. पहिली पाच-सात गाणी जाईपर्यंतही कदाचित होता. आणि ज्या सीडीवर तो दिसला असता, काहीही न बदलता, ती माझ्यापासून हातभर अंतरावर खणात पडली होती.

मी चार दिवस कोणाला सांगितलं नाही. मग पाचव्या दिवशी दुपारी, दुकानात कोणी नसताना, बाकावर बाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं. मराठीत सांगितलं. सगळं, गाण्यांसकट, आणि डिस्कबद्दलचा तो प्रश्नही.

त्यांनी आधी एवढंच नक्की करून घेतलं. "म्हंजे मी काही दाबलं नव्हतं?"

"नाही."

"आन् त्या दिवशी तो फोटो होता आत."

"होता."

त्यांचा चेहरा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. खोटं कशाला, त्यासाठीच सांगत होते. ते मला चार शब्द बोलतील, मी रडेन, आणि हिशेब मिटेल. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या पोट्टीले सांगू नको," ते म्हणाले. "तिले आता कळून काय करन? एकदा गेला म्हनून रडली, आता होता म्हनून रडन."

"मग लोकांना तरी सांगते. तुमचं नाव..."

"कोनाले नाही सांगाचं. दुकान तुले चालवाचं हाये. लोकायनं तुह्यावर भरोसा ठेवला पाह्यजे. माह्यं झालं." आणि थोड्या वेळाने, जणू एखादी वस्तू कुठे ठेवायची ते सांगावं तसं म्हणाले, "ते माह्यावरच राहू दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी जुनी सिस्टीम परत टाकून देते म्हटलं, त्यांनी मान हलवली, आता मोजता येत नाही म्हणाले. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यातच ते माझ्या बाजूने ठरून गेलं.

उन्हाळा संपता संपता ती बाई पुन्हा आली. मुलीचं शाळेत नाव घालायचं होतं, फॉर्मला दोन फोटो लागत होते. मुलगी चार-पाच वर्षांची, दोन वेण्या, कपाळ रुंद, आणि उजेडात डोळे बारीक करायची सवय. बाबा बाकावरून उठले, दोघींना बसायला जागा करून दिली आणि स्वतः खांबाला धरून उभे राहिले. तिने त्यांना नमस्कार केला, तब्येत विचारली. तिच्या मनात राग नव्हता, खरंच नव्हता. मग ती आत आली, मुलीला स्टुलावर बसवलं आणि माझ्याजवळ येऊन, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाली, "दीदी, तुम्हीच काढजा हो. काकायच्या हाती नोका देऊ. इचा हाच पयला फोटो हाये."

दार उघडं होतं. बाबांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"हव," मी म्हटलं, आणि मुलीची हनुवटी जराशी वर केली.